मॉलिन्यूचा प्रश्न

जन्मांध माणसाला मोठेपणी दृष्टी मिळाली, तर आजवर हाताने चाचपून ओळखीच्या झालेल्या वस्तू त्याला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतील का, हा तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरचा एक प्रसिद्ध प्रश्न. तो डब्लिनचे विद्वान विल्यम मॉलिन्यू (१६५६–१६९८) यांनी उपस्थित केला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. संवेदन आणि अवबोधन यांतला फरक समजून घेण्यासाठी याच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. डोळ्यावर प्रकाश पडून त्याचा संदेश मेंदूकडे जाणे हे संवेदन. त्या संदेशातून ‘समोर पेला आहे’ असे कळणे हे अवबोधन. एरवी या दोन्ही गोष्टी इतक्या झटपट आणि एकत्र घडतात की मधला सांधा दिसतच नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पट्टी निघालेल्या माणसात मात्र तो उघडा पडतो.

मॉलिन्यू हे प्रकाशशास्त्राचे अभ्यासक. डब्लिनमध्ये १६८३ साली स्थापन झालेल्या तत्त्वचिंतक मंडळाचे ते एक संस्थापक होते. त्यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली होती. हा प्रश्न त्यातूनच सुचला असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण मूळ पत्राचा रोख निव्वळ तात्त्विक आहे. ज्ञान अनुभवातूनच येते असे मानणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या मानवी आकलनावरील ग्रंथाचा गोषवारा १६८८ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात आला, तो वाचून मॉलिन्यू यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पत्र धाडले. त्याला उत्तर आले नाही. पुढे दोघांचा पत्रव्यवहार जमला तेव्हा, १६९३ मध्ये, त्यांनी प्रश्न नव्याने लिहून पाठवला आणि लॉक यांनी तो ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. एकाच धातूचे, साधारण सारख्याच मापाचे एक घन आणि एक गोल टेबलावर ठेवले आहेत. स्पर्शाने हे दोन्ही पक्के ओळखणाऱ्या जन्मांधाला आता दिसू लागले, तर हात न लावता घन कोणता नि गोल कोणता हे त्याला सांगता येईल काय? मॉलिन्यू यांचे स्वतःचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि लॉक यांनी त्याला दुजोरा दिला. हाताला बोचणारा कोपरा डोळ्याला कसा दिसतो, हे अनुभवाशिवाय कळायचे कसे, असा त्यांचा युक्तिवाद.

आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी १७०९ मध्ये याही पुढे जाऊन डोळ्याचे विषय आणि स्पर्शाचे विषय मुळातच वेगळे, असा पवित्रा घेतला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांना हे मान्य नव्हते. समोर एक घन व एक गोल आहे एवढे त्या माणसाला आधी सांगितले, तर तो बुद्धीने ताडू शकेल, असे त्यांचे म्हणणे : घनाला आठ कोपरे असतात, गोल सगळीकडून सारखा. म्हणजे भूमिती दोन्ही इंद्रियांना सामाईक आहे. हा मुद्दा कमी लेखू नये. पुढचा बराचसा वाद याच ठिकाणी घुटमळत राहिला आहे.

भारतीय परंपरेत हा प्रश्न या रूपात विचारला गेला नाही. पण दृष्टी आणि स्पर्श यांचा मेळ कसा बसतो याचा विचार न्यायदर्शनात फार आधी झालेला दिसतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’ या सूत्राने होते. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने स्पर्शतो आहे, अशी ओळख पटते; डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप कळत नाही; तेव्हा दोहोंना जोडणारा कोणीतरी इंद्रियांहून वेगळा असला पाहिजे, आणि तोच आत्मा. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, मेळ बसतो हे गृहीत धरून त्यावरून आत्मा सिद्ध केला, तर मॉलिन्यू यांनी तो मेळ आपोआप बसतो का, हेच विचारले.

प्रत्यक्ष पुराव्याची सुरुवात लंडनचे शल्यविशारद विल्यम चेझल्डन यांच्यापासून होते. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलावर केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत त्यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या मुलाला सुरुवातीला अंतर अजिबात कळेना. जे जे दिसते ते डोळ्यालाच टेकले आहे, असे त्याला वाटे. घरातले कुत्रे कोणते आणि मांजर कोणते हे तो सारखा विसरे, आणि विचारायची लाज वाटे. एकदा त्याने हाताला ओळखीचे असलेले मांजर पकडले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि ‘आता पुढच्या खेपेला ओळखीन हं तुला’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून खाली सोडले. चित्रे ही घन वस्तूंची असतात हे त्याच्या ध्यानात यायला सुमारे दोन महिने गेले. ते कळल्यावर चित्राला हात लावून पाहतो तो सगळे सपाट! तेव्हा त्याने विचारले, खोटे कोण बोलते आहे, हात की डोळा? घन आणि गोल समोर ठेवून त्याची रीतसर परीक्षा मात्र कोणी घेतली नाही, त्यामुळे लॉकचे आणि बर्कलीचे पाठीराखे या वृत्तांताकडे बोट दाखवत राहिले तरी निकाल काही लागला नाही.

विसाव्या शतकातील सर्वांत बारकाईने नोंदलेला दाखला इंग्लंडच्या सिडनी ब्रॅडफर्ड यांचा. दहा महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली आणि वयाच्या ५२ व्या वर्षी कॉर्नियाचे (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे) रोपण झाल्यावर ती परत मिळाली. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी त्यांचा अभ्यास करून १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ब्रॅडफर्ड यांना इंग्रजी कॅपिटल अक्षरे पाहताच वाचता आली, छोटी अक्षरे मात्र येईनात. कारण अंधशाळेत त्यांना हाताने चाचपून शिकवलेली अक्षरे कॅपिटल होती. घड्याळही त्यांना लगेच कळले, कारण काच काढलेल्या घड्याळाचे काटे चाचपून वेळ सांगायची त्यांना सवय होती. म्हणजे स्पर्शातून आलेले ज्ञान डोळ्यापर्यंत पोहोचत होते. दुसरीकडे लंडनच्या विज्ञान संग्रहालयातले लेथ यंत्र काचेमागून पाहताना त्यांना त्याचे काहीच आकलन झाले नाही. काच उघडल्यावर त्यांनी डोळे मिटून ते हाताने नीट चाचपले, मग मागे सरून डोळे उघडले आणि हात लागल्यावर आता दिसते आहे, असे सांगितले. दृष्टीने त्यांना सुख दिले नाही. आंधळेपणी बिनधास्त रस्ता ओलांडणारा हा माणूस रहदारीला घाबरू लागला, खिन्न राहू लागला आणि १९६० मध्ये वारला.

प्रश्नाची थेट परीक्षा झाली ती दिल्लीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात उत्तर भारतातील खेड्यापाड्यांतून जन्मजात मोतीबिंदूची मुले शोधून त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या जातात आणि सोबत संशोधनही होते. पाश्चात्त्य देशांत असा मोतीबिंदू तान्हेपणीच काढतात. त्यामुळे उशिरा दृष्टी मिळालेली मुले तिथे सहसा आढळत नाहीत. रिचर्ड हेल्ड, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षे वयाची पाच मुले होती. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत त्यांच्यासमोर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या आकारांच्या जोड्या ठेवल्या. एक आकार हाताळून पुढे हातानेच ओळखायचा असे तेव्हा सरासरी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. पाहून पाहण्याशी जुळवताना ९२ टक्के. हाताळलेला आकार नुसता पाहून ओळखायचा म्हटल्यावर आकडा ५८ टक्क्यांवर घसरला, म्हणजे नाणे उडवून ठरवल्यापेक्षा जेमतेम बरा. मॉलिन्यू यांचे ‘नाही’ खरे ठरले. पण काही दिवसांतच, दृष्टीचे कसलेही खास शिक्षण न देता, पुन्हा चाचणी घेतलेल्या मुलांची कामगिरी ठळकपणे सुधारली. हा वेग मला मूळ ‘नाही’पेक्षा अधिक बोलका वाटतो. कोऱ्या पाटीवर अनुभवाने एकेक अक्षर गिरवायचे असते, तर इतक्या लवकर काही जमले नसते.

आक्षेपही आहेत. दोन चित्रे सारखी आहेत हे ओळखायला वस्तूची खोली किंवा घनता दिसावी लागत नाही. त्यामुळे ९२ टक्के गुण मिळवणाऱ्या मुलांना समोरचा ठोकळा ‘ठोकळा’ म्हणून दिसत होता का, अशी शंका उरते. ती रास्त आहे. याच उपक्रमात असे आढळले की नुकते दिसू लागलेल्यांना एकमेकांवर चढलेले आकार, सावल्या आणि रंगांचे डाग सुटे करता येत नाहीत, पण तीच वस्तू हलू लागली की ती एकसंध वस्तू म्हणून उठून दिसते. शिवाय २०१५ च्या एका अभ्यासात ही मुले लांबीचा भास निर्माण करणाऱ्या म्युलर-लायर आणि पाँझो या आकृत्यांना पहिल्याच भेटीत फसली. हे दृष्टिभ्रम अनुभवातून येतात, असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली होती.

दृष्टी आणि स्पर्श यांचा मेळ जन्मजात असतो का, हे बाळांवर आणि प्राण्यांवरही तपासले गेले. एका महिन्याच्या बाळांनी तोंडात चोखलेली खरबरीत किंवा गुळगुळीत चोखणी नंतर अधिक वेळ पाहिल्याची नोंद मेल्ट्झॉफ आणि बॉर्टन यांनी १९७९ मध्ये केली. पुढच्या प्रयोगांत मात्र तसा निकाल दर वेळी मिळाला नाही. भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबल मधमाश्यांनी तर २०२० मध्ये संशोधकांना चकित केले. अंधारात फक्त स्पर्शाने घन आणि गोल यांतला एक साखरपाण्याशी जोडायला शिकलेल्या या माश्यांनी, उजेडात, स्पर्श होऊ न देणाऱ्या पारदर्शक झाकणातून नुसते पाहूनही, योग्य आकाराकडेच अधिक वेळ घालवला.

शस्त्रक्रियेला उशीर झाला की दृष्टीची तीक्ष्णता पुरती भरून येत नाही, हे या सगळ्या अभ्यासांत सारखे दिसते. मेंदूतील दृष्टीची जोडणी बालपणीच्या ठरावीक काळात घडते, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांवरील प्रयोगांत दाखवले, त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. भारतात २०१३ च्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी समाविष्ट आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरट ठिपका दिसला, किंवा ते चेहऱ्याकडे नजर लावत नसेल, तर वय वाढायची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे लागते. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच करतात.