मोल आधी आला, आकडा नंतर

शाळेत मोलची ओळख बहुधा आकड्यापासून होते. ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल, आणि जोडीला डझनाचं उदाहरण. उदाहरण चुकीचं नाही. पण त्यातून असा समज होतो की कुणीतरी आधी आकडा ठरवला आणि त्यावरून वजनं काढली. घडलं उलटं. रसायनशास्त्रज्ञ हा आकडा माहीत नसताना मोलचा हिशेब बिनचूक करत होते, कारण त्या हिशेबाला आकडा लागतच नाही. लागतात ती अणूंच्या वस्तुमानांची गुणोत्तरं, आणि खरी पन्नास वर्षं गेली ती गुणोत्तरं जुळवण्यात.

अडचण कुठे होती? पाण्यात वस्तुमानाने एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन असतो. मोजून एवढंच कळतं. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या किती पट जड, हे काढायला पाण्याच्या रेणूत कोणाचे किती अणू आहेत ते आधी ठाऊक हवं. आणि ते काढायला अणुवस्तुमान ठाऊक हवं. जॉन डाल्टनने हा गुंता एका गृहीतकाने तोडला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर त्यात प्रत्येकी एक अणू धरायचा. म्हणजे पाणी एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. अमोनिया एक नायट्रोजन, एक हायड्रोजन. १८०८ च्या ग्रंथात त्याने हायड्रोजन १ धरून ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ७ दिलं. मोजमाप अचूक असतं तर ८ आलं असतं, पण १६ कधीच आलं नसतं. चूक तराजूची नव्हती, गृहीतकाची होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचा नियम मांडला. दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमान वाफ. तीन हायड्रोजन आणि एक नायट्रोजन यांपासून दोन अमोनिया. डाल्टनला हे पटलं नाही, आणि त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. समान आकारमानात समान कण असतील, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण होतात, म्हणजे अणू दुभंगला! शिवाय वाफेत ऑक्सिजन असूनही वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी कशी?

१८११ मध्ये आमेदेओ ॲव्होगॅड्रोने याचं उत्तर दिलं. समान आकारमानात समान कण हे खरंच, पण दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे. ऑक्सिजन वायूचा कणच दोन अणूंचा आहे. एकेक अणू एकेका वाफेच्या रेणूत जातो. हे मानलं की पाणी दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन ठरतं आणि ऑक्सिजन १६ येतो. आज एका वाक्यात संपणारी गोष्ट. तेव्हा मात्र ती जवळपास पन्नास वर्षं अडगळीत पडली. तेव्हाचा वजनदार रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्या विद्युत-सिद्धांतानुसार अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध प्रभारांमुळे, मग दोन सारखे अणू जोडीने राहतीलच कशाला?

दुसरा धक्का प्रयोगशाळेतून आला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्युमाने १८२६ च्या सुमारास वाफेची घनता मोजायची पद्धत बसवली. निमुळत्या मानेच्या काचेच्या फुग्यात पदार्थ घ्यायचा, फुगा त्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर तापलेल्या कुंडात बुडवायचा, वाफेने आतली हवा हाकलू द्यायची आणि वाफ बाहेर यायची थांबली की मानेचं टोक ज्योतीने बंद करून वजन करायचं. पदार्थ कमी पडला तर हवा आत उरते. टोक घाईने बंद केलं तर न उकळलेला द्रव वजनात येतो. द्युमाने दोन्ही सांभाळलं, तरी उत्तरं विचित्र आली. वायुरूपातल्या मूलद्रव्यांचे रेणू दोन अणूंचेच, असं धरलं तर गंधकाचं अणुवस्तुमान ३२ च्या जागी ९६, फॉस्फरसचं ३१ च्या जागी ६२ आणि पाऱ्याचं २०० च्या जागी १०० येत होतं. आकडे खरे होते. त्या तापमानाला गंधकाच्या वाफेत सरासरी सहाएक अणूंचे रेणू असतात, फॉस्फरसचे चार अणूंचे, पाऱ्याचे एकेकटे अणू. ॲव्होगॅड्रोच्या विधानात ‘दोनच अणू’ अशी अट नव्हतीच, पण दोष त्याच्या माथी गेला.

परिणाम असा, की १८५० च्या दशकात कोणी कार्बन ६ धरी, कोणी १२. ऑक्सिजन कोणाचा ८, कोणाचा १६. ॲसेटिक आम्लासाठी वापरात असलेली १९ सूत्रं केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात दिली आहेत.

ही गाठ सोडवली स्तानिस्लाओ कॅनिझारोने, १८५८ च्या एका छोट्या पुस्तिकेत. त्याची पद्धत आजही वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगी आहे. हायड्रोजन वायूच्या रेणूचं वस्तुमान २ धरायचं आणि वाफेच्या घनतेवरून इतर रेणूंची वस्तुमानं काढायची. मग प्रत्येकात हवं ते मूलद्रव्य शेकडा किती, ते पृथक्करणाने काढून गुणाकार करायचा. कार्बनचं पाहा. मिथेन १६, त्यात कार्बन ७५ टक्के, म्हणजे १२. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात ४२.९ टक्के, म्हणजे १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात २७.३ टक्के, पुन्हा १२. इथिलीन २८, ८५.७ टक्के, २४. बेंझीन ७८, ९२.३ टक्के, ७२. कुठेही १२ पेक्षा कमी नाही आणि सगळे १२ च्या पटीत, म्हणून अणुवस्तुमान १२. फक्त इथिलीन आणि बेंझीनच तपासले असते, तर २४ हाती लागलं असतं. म्हणून संयुगं जितकी जास्त तितकं बरं.

ताळा पाहायला धातूंसाठी ड्यूलाँग आणि पेटी यांचा १८१९ चा नियम होता: विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि अणुवस्तुमान यांचा गुणाकार साधारण ६ कॅलरी. पाऱ्याचा विशिष्ट उष्मा ०.०३३, २०० ने गुणलं तर ६.६, १०० ने गुणलं तर ३.३. वाद मिटला. (कार्बनला मात्र हा नियम खोलीच्या तापमानाला लागू पडत नाही.)

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे याच गोंधळावर तीन दिवसांची परिषद झाली. ठोस ठराव झाला नाही, पण शेवटी पावेसीने कॅनिझारोची पुस्तिका वाटली. श्रोत्यांत लोथर मायर होता आणि मेंडेलीव्हही. अणुवस्तुमानांचा एकच संच हाती आल्यावर मूलद्रव्यं क्रमाने लावणं शक्य झालं. मेंडेलीव्हची आवर्त सारणी १८६९ ची. कार्बन कुणाचा ६ आणि कुणाचा १२ असता, तर ती बनलीच नसती.

‘मोल’ हे नाव विल्हेल्म ऑस्टवाल्डने १८९० च्या दशकात रूढ केलं: रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम. गंमत म्हणजे अणू खरोखर असतात यावर त्याचा तेव्हा विश्वास नव्हता. मोल त्याच्या लेखी वजनाचं माप होतं, मोजदाद नव्हे.

मोजदाद केली ती जाँ पेराँने, १९०८-०९ मध्ये. गॅम्बोज नावाच्या पिवळ्या चिकाचे (हे झाड आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतलं) एकसारख्या आकाराचे कण त्याने पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली थराथरांत मोजले. ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीवर १०० कण धरले, तर ३५ वर ४७, ६५ वर २३, ९५ वर १२. दर ३० मायक्रॉनला साधारण निम्मे. हवाही उंचीनुसार अशीच विरळ होते, फक्त तिथे निम्मी व्हायला काही किलोमीटर लागतात. कणाचं वस्तुमान ठाऊक असल्याने या दोन उंचींच्या तुलनेतून रेणूचं वस्तुमान निघतं, आणि त्यावरून मोलमधली संख्या. पेराँला ती ७ × १० चा २३ वा घात अशी मिळाली आणि तिला ॲव्होगॅड्रोचं नाव त्यानेच सुचवलं. स्वतः ॲव्होगॅड्रो १८५६ मध्येच वारला होता; आपल्या नावाचा आकडा त्याने कधी पाहिला नाही. पुढे विद्युतप्रभारावरून तो नेमका झाला: एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम, एका इलेक्ट्रॉनचा १.६०२ × १० चा उणे १९ वा घात. भागाकार करून पाहा.

१९६१ पासून अणुवस्तुमानाचा पाया कार्बन-१२ आहे. त्याआधी रसायनवाले निसर्गातला, वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा मिश्र ऑक्सिजन १६ धरत, तर भौतिकीवाले फक्त ऑक्सिजन-१६. १९७१ मध्ये मोल एसआय पद्धतीचं मूलभूत एकक झालं आणि २० मे २०१९ पासून ते ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात या ठरलेल्या संख्येवर उभं आहे. डझनासारखी व्याख्या खऱ्या अर्थाने आत्ता झाली.

विद्यार्थी अडखळतात त्या जागाही बहुतेक याच इतिहासातल्या आहेत. ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणजे १६ ग्रॅम की ३२? अणू की रेणू, हे न सांगता प्रश्नच अपुरा. १८११ चा वाद हाच. प्रयोगशाळेत आणखी एक फसगत होते. मोरचुदाचं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण २५० मिलिलिटर करायचं, म्हणजे ०.०२५ मोल. निळे स्फटिक घेतले तर रेणुवस्तुमानात पाण्याचे पाच रेणू धरून २४९.७, म्हणजे ६.२४ ग्रॅम. पाणी विसरून १५९.६ ने गुणलं तर ३.९९ ग्रॅमच पडतात आणि द्रावण ठरवल्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त पातळ होतं. स्फटिक आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून मगच चंचुपात्रातून मापन चंबूत ओतावेत, चंचुपात्र खंगाळून ते पाणीही चंबूत घ्यावं आणि खुणेपर्यंत भरावं. मोजून २५० मिलिलिटर पाणी ओतू नये.

२२.४ लिटरचंही तसंच. तो आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाचा. १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरला आणि त्या दाबाला २२.७ लिटर येतात. प्रश्नात कोणता दाब दिलाय ते पाहूनच आकडा घ्यावा.