आम्लातच जागं होणारं औषध

काचेची छोटीशी कुपी, वर रबरी बूच, तळाशी पांढरट भुकटी. सिस्टर स्पिरिटच्या बोळ्याने बूच पुसतात, सिरिंजमधून १० मिलिलिटर सलाईन आत सोडतात आणि कुपी हळूच गोल फिरवतात. भुकटी बघता बघता विरते. मग कुपी उजेडाकडे धरून पाहायची. द्रावण नितळ आहे ना, कण किंवा गढूळपणा नाही ना? तसं काही दिसलं तर ती कुपी बाद. सगळं ठीक असेल तर औषध शिरेतून सावकाश जातं. कितीही घाई असली तरी दोन मिनिटं लागायलाच हवीत. शेजारी बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं जातं, "पित्ताचं इंजेक्शन आहे."

कुपीत असतं पँटोप्राझोल, ४० मिलिग्रॅम. दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावर हे नाव इतक्या सवयीने लिहिलं जातं की त्यापाशी कुणी थांबत नाही. मला मात्र या औषधाचं फार अप्रूप वाटतं. शरीरात शिरताना ते औषध नसतंच, आम्लात पोचल्यावर ते औषध होतं. एवढी एक गोष्ट नीट समजली की ते कुणाला द्यावं, कसं द्यावं आणि केव्हा थांबवावं, हे बरंचसं त्यातूनच उलगडत जातं.

आधी त्या 'पित्ता'बद्दल. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण 'पित्त झालं' म्हणतो. खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो आतड्यात उतरतो आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. जठरात जे असतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रयोगशाळेतल्या बाटलीत असतं तेच. विल्यम प्राउट या इंग्लिश डॉक्टरने जठररसात हे आम्ल असल्याचं दाखवून दिलं आणि १८२४ साली ते छापून आलं. बोलताना पित्त म्हणायला काहीच हरकत नाही, पण ज्या इंजेक्शनबद्दल आपण बोलतोय त्याचा खऱ्या पित्ताशी संबंध नाही.

हे आम्ल जठराच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशी बनवतात. त्यांच्या आत बारीक नळ्यांसारखे खोलगट भाग असतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, १ च्या आसपास असतो. हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. रक्ताचा पीएच ७.४. पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट, म्हणून हा फरक दहा लाखपटीहून मोठा आहे. एवढ्या उलट्या चढावर हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ढकलण्याचं काम एक प्रथिन करतं, त्याला प्रोटॉन पंप म्हणतात. तो पोटॅशियमचा आयन आत घेतो, हायड्रोजनचा बाहेर टाकतो आणि प्रत्येक फेरीला ऊर्जा खर्च करतो. या पंपांना कामाला लावणारे निरोपे तीन आहेत. हिस्टामिन, मज्जातंतूंमधून येणारं असेटिलकोलिन आणि गॅस्ट्रिन हे संप्रेरक.

यातल्या हिस्टामिनचा निरोप आधी अडवता आला. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांच्या कामातून सिमेटिडीन हे औषध तयार झालं आणि १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्याआधी जठरातल्या जुनाट व्रणावर आम्ल मारणारी पातळ औषधं, पथ्य आणि नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया, एवढाच मार्ग होता. जठराचा भाग कापून टाकत किंवा त्याच्याकडे जाणारी मज्जातंतूची शाखा तोडत. एका गोळीने लाखो माणसांचं ऑपरेशन टळलं. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळालं, ते या आणि आणखी काही औषधांच्या कामासाठी.

त्याच घराण्यातली रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीन इंजेक्शनच्या रूपातही आली. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं अशुद्ध द्रव्य वाढत जातं असं आढळलं आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. फॅमोटिडीनचं इंजेक्शन आजही वापरात आहे. ते लवकर काम सुरू करतं, पण निरोप्यांपैकी एकालाच अडवतं आणि काही दिवसांत शरीर त्याला सरावतं. शिवाय ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर विशेषतः वयस्क रुग्णाला भ्रम होऊ शकतो.

आता पुन्हा आपल्या कुपीकडे. ओमेप्राझोल १९८८ साली युरोपात आलं, पँटोप्राझोल १९९४ साली. ही औषधं निरोप्यांच्या वाटेला जातच नाहीत, थेट पंपच बंद करतात. आणि ते कसं, हे पाहण्यासारखं आहे. रेणू रक्तातून सगळीकडे फिरतो, कुणालाही काही करत नाही. तो सौम्य अल्कधर्मी असतो, त्यामुळे आम्ल असलेल्या जागी गेला की त्याला हायड्रोजन चिकटतो, विद्युतभार येतो आणि पेशीच्या पडद्यातून परत फिरता येत नाही. शरीरात इतकं तीव्र आम्ल फक्त त्या जठराच्या पेशींच्या नळ्यांमध्येच असतं. तिथे तो अडकतो, रक्तातल्या प्रमाणाच्या हजारपट साठतो, आणि त्याच आम्लामुळे त्याचं रूप पालटतं. हे नवं रूप अतिशय तापट असतं. समोरच्या पंपावर गंधक असलेला कोपरा दिसला की त्याला ते कायमचं जखडतं. म्हणजे आम्ल बनवणारी पेशी आपल्याच आम्लाने स्वतःच्या पंपाला कुलूप घालते.

रक्तातलं पँटोप्राझोल साधारण तासाभरात निम्मं होतं, तरी त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. कारण कुलूप लागलेला पंप पुन्हा उघडत नाही, पेशीला नवा बनवावा लागतो. पण यातच एक खोच आहे. औषध फक्त चालू पंपांनाच गाठू शकतं. जे पंप त्या वेळी झोपलेले असतात त्यांच्याभोवती आम्ल नसतं, आणि आम्ल नाही म्हणजे औषधही जागं होत नाही. काही तासांनी ते पंप उठतात तोवर औषध निघून गेलेलं असतं. म्हणून पहिला डोस कितीही मोठा दिला तरी सगळं आम्ल थांबत नाही. रोज एक डोस घेतला तर पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात.

'गोळीपेक्षा इंजेक्शन जोरकस' ही समजूत मी खूप वेळा ऐकली आहे, आणि या औषधापुरती तरी ती खरी नाही. पँटोप्राझोलच्या गोळीतलं सुमारे ७७ टक्के औषध रक्तात पोचतं. म्हणूनच गोळीचा डोस ४० मिलिग्रॅम आणि इंजेक्शनचाही ४० मिलिग्रॅम. जठरातल्या आम्लात औषध वेळेआधीच जागं होऊन वाया जाऊ नये म्हणून गोळीवर वेष्टन असतं. ते आतड्यात गेल्यावरच विरघळतं. म्हणून ही गोळी चावू नये, कुटू नये. दोन्ही वाटांनी औषध शेवटी रक्तातूनच त्या पेशींकडे जातं. फरक एवढाच की शिरेतून गेलं तर परिणाम १५ ते ३० मिनिटांत सुरू होतो. ज्याला गिळता येतं, जो उलटी करत नाही, ज्याचं आतडं चालू आहे, त्याला सुई टोचून जास्तीचं काही मिळत नाही. सुईच्या जागची सूज, शीर ठणकणं, जंतुसंसर्गाची शक्यता हे मात्र मिळतं.

आणि एक गैरसमज तर जिवावर बेतू शकतो. जठरात आधीच साठलेल्या आम्लाला हे इंजेक्शन हातही लावत नाही, ते फक्त नव्याने तयार होणं थांबवतं. तेव्हा 'छातीत जळजळतंय, एक पित्ताचं इंजेक्शन द्या' असं कुणी म्हणालं तर आधी ईसीजी काढायला हवा. हृदयविकाराचा झटका कित्येकदा हुबेहूब ऍसिडिटीसारखा वाटतो. घाम फुटणं, दम लागणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालताना वाढणारी जळजळ, यातलं काही असेल तर ते पोटाचं समजून एक मिनिटही घालवू नये.

मग खरी गरज कुणाला? पहिला क्रमांक रक्तस्रावी व्रणाचा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी चिकट शौच झाली की समजावं, वरच्या पचनमार्गात कुठेतरी रक्त वाहतंय. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, पण जठरात तिची कसोटी असते. आम्लात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य गुठळीलाच पचवू लागतं. पीएच ६ च्या वर नेला तर पेप्सिन निष्प्रभ होतं आणि गुठळी तग धरते. म्हणून दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवल्यावर बऱ्याच ठिकाणी आधी ८० मिलिग्रॅम आणि मग ताशी ८ मिलिग्रॅम अशी संततधार ७२ तास चालू ठेवतात. झोपलेले पंप आठवा. जो पंप जागा होईल त्याच्यासाठी औषध दारात हजर असावं, यासाठी ही धार. हल्ली ठरावीक अंतराने डोस देण्याची पद्धतही रूढ होते आहे. २००० साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी असे २४० रुग्ण अभ्यासले. ओमेप्राझोलची संततधार मिळालेल्यांपैकी ६.७ टक्के जणांना ३० दिवसांत पुन्हा रक्तस्राव झाला, ती न मिळालेल्यांपैकी २२.५ टक्के जणांना. इंजेक्शनने दुर्बिणीचं काम होत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. वाहती शीर बंद करायची तर आत जाऊन पाहावंच लागतं, आणि नंतर जठरात व्रण पाडणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणीही करावी लागते.

दुसरा गट अतिदक्षता विभागातला. व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा रक्त गोठण्यात बिघाड झालेल्या रुग्णाच्या जठराला ताणामुळे व्रण पडतात. इथे इंजेक्शन देऊन खरंच फायदा होतो का, हे शोधायला मोठे अभ्यास झाले. २०१८ मध्ये युरोपातल्या ३,२९८ रुग्णांच्या अभ्यासात पँटोप्राझोल घेणाऱ्यांपैकी २.५ टक्के जणांना गंभीर रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांपैकी ४.२ टक्के जणांना. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२४ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ४,८२१ रुग्णांच्या अभ्यासात तोच कल दिसला. रक्तस्राव १ टक्का विरुद्ध ३.५ टक्के, मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही. म्हणजे अतिशय आजारी रुग्णाला उपयोग आहे, आणि तो रक्तस्राव टाळण्यापुरता आहे. साध्या वॉर्डात ताप किंवा पाय मोडला म्हणून आलेल्या, चांगलं जेवणाऱ्या माणसाला तेच इंजेक्शन लावण्याला यातून कोणताच आधार मिळत नाही.

देण्याची काळजीही त्या आम्लाच्या नात्यातूनच आलेली आहे. हे औषध आम्लात बिघडतं, म्हणून कुपीतलं द्रावण मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात, पीएच ९ च्या पुढे. ते भरभर सोडलं तर शीर चुरचुरते. आम्लधर्मी औषधाशी गाठ पडली तर गढूळ होतं, साका बसतो, रंग पालटतो. झोपेसाठी देतात ते मिडॅझोलॅम हे याचं नेहमीचं उदाहरण. म्हणून एका सिरिंजमध्ये दुसरं काही मिसळायचं नाही आणि आधी व नंतर नळी सलाईनने धुवायची. ओमेप्राझोलचं द्रावण साध्या सलाईनमध्ये १२ तास टिकतं, किंचित आम्लधर्मी अशा ग्लुकोजच्या सलाईनमध्ये सहाच तास. भिजवलेली कुपी उद्यासाठी राखून ठेवणं का चुकीचं, ते इथे कळतं. याआधी याच वर्गातल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास अडकला असेल तर ते आधी सांगायला हवं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही, कारण ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतात. पँटोप्राझोलचा हा त्रास बराच कमी.

तरीही दोन-चार दिवसांच्या इंजेक्शनने सहसा मोठं नुकसान होत नाही. मला खरी काळजी वाटते ती त्यापुढच्या प्रवासाची. सुई निघते, गोळी सुरू होते, घरी जाताना ती कागदावर लिहिली जाते आणि 'किती दिवस' हा रकाना कोरा राहतो. महिने सरतात, वर्षं सरतात. दीर्घ वापरात रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी पडू शकतं, आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. ज्यांना गोळी खरोखर लागते, उदाहरणार्थ रक्त पातळ करणाऱ्या किंवा वेदनाशामक गोळ्या सतत घ्याव्या लागणाऱ्या आणि पूर्वी रक्तस्राव झालेल्या माणसांनी, ती मनाने बंद करू नये. पण इतरांना ती सोडताना एक अनुभव येतो. आम्ल दबलेलं असताना शरीर गॅस्ट्रिन वाढवत राहतं आणि गोळी थांबली की आम्ल उसळी मारतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे तपासलं. त्यांच्यापैकी कुणालाही आधी ऍसिडिटी नव्हती. आठ आठवडे गोळी घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्के जणांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळ, आंबट ढेकर असं काहीतरी झालं. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. त्रास सुरू झाला की माणूस पुन्हा गोळीकडे वळतो आणि 'मला हिच्याशिवाय चालतच नाही' असं त्याला मनापासून वाटू लागतं. डॉक्टरांशी बोलून डोस अर्ध्यावर आणला, मग एक दिवसाआड केला आणि मधल्या दिवसांत जळजळ झालीच तर पातळ अँटासिड घेतलं, तर हे थोडे आठवडे निभावून नेता येतात. तोवर गॅस्ट्रिनही खाली येतं.