पावसाचा आवाज आणि बालपण: जागी झालेली आठवण की जागवलेलं स्मरणरंजन?

पावसावरच्या कवितांत बालपण इतकं सहज येतं की ते आलं कसं, हे आपण विचारतच नाही. थेंब वाजले, लहानपण आठवलं, कविता झाली. पण या एकाच वाटेवरून दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. एकीत आवाज कवीला गाठतो आणि त्याने न मागितलेलं काहीतरी त्याच्यापुढे आणून ठेवतो. दुसरीत कवी आधीच बालपणाकडे निघालेला असतो, पाऊस त्याने सोबतीला घेतलेला असतो. पहिलीला आठवण म्हणू, दुसरीला स्मरणरंजन. दोन्ही वाचताना डोळे पाणावतात, म्हणून त्यांची गल्लत होते. मग एखाद्या धारदार कवितेवर 'हळवी' असा शिक्का बसतो आणि एखादी नुसतीच हळवी कविता खोल ठरते.

आपण आठवू म्हटल्यावर येणारी स्मृती वेगळी आणि आपसूक उगवणारी वेगळी, हा भेद जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. आपसूक येणाऱ्या आठवणींचा पुढे बारकाईने अभ्यास केला तो डेन्मार्कच्या डॉर्थे बेर्न्टसेन यांनी. अशा आठवणी दुर्मिळ नसतात, रोजच्याच असतात. लक्ष सैल असताना त्या जास्त येतात. बहुतेकदा भोवतालची एखादी खूण त्यांना बोलावते. शिवाय मुद्दाम काढलेल्या आठवणींपेक्षा त्या एखाद्या ठरावीक प्रसंगाच्या असण्याची शक्यता जास्त असते. कविता वाचणाऱ्याला हा शेवटचा मुद्दा फार उपयोगी पडतो.

पावसाचा आवाज अशा आठवणींना इतका का मानवतो? असंख्य बारीक आघात, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि सगळे मिळून एक सलग नाद. तो बाकीचे आवाज झाकून टाकतो आणि स्वतः मात्र लक्ष मागत नाही. मन मोकळं होतं, पण रिकामं होत नाही. दुसरं असं की हवेतून पडणारा थेंब जवळजवळ मुकाच असतो. आवाज होतो तो तो जिथे आपटतो तिथे. पत्र्यावर ताडताड, कौलांवर दबका, रुंद पानांवर टपटप. साचलेल्या पाण्यावर तर थेंबासोबत आत अडकलेला हवेचा बुडबुडा कंप पावतो आणि तोच वाजतो. म्हणजे लहानपणी आपण ऐकला तो पाऊस म्हणजे खरं तर आपल्या घराचं छप्पर होतं, आपलं अंगण होतं. पावसाचा आवाज बालपणाला इतका थेट भिडतो याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण हेच.

मातीच्या वासाबद्दलही असंच म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण वासाला नाक लवकर सरावतं आणि कवितेला वास निर्माण करता येत नाही. आवाज मात्र तिला करता येतो. लय, यमक आणि पुनरुक्ती हाताशी असल्यामुळे ती पाऊस सांगताना वाजूही शकते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. घराच्या ओढीने झुरणं हा एके काळी आजार मानला जाई. स्विस वैद्य योहानेस होफर यांनी १६८८ साली त्यावर प्रबंध लिहिला. परदेशी लढणाऱ्या स्विस सैनिकांना गावाकडची गुराख्यांची धून ऐकू आली की ते रडत, पळून जात, म्हणून ती वाजवायला बंदी होती, असं तत्त्वज्ञ रूसो यांनी १७६८च्या आपल्या संगीतकोशात नोंदवलं आहे. पुढे त्यांनी जे म्हटलं ते मला विलक्षण वाटतं. ही ताकद सुरांची नव्हे, त्या माणसांच्या सवयींची आणि आठवणींची. ती धून तिथे संगीताचं काम करत नाही, स्मरणखुणेचं करते.

पावसाच्या कवितेला हे जसंच्या तसं लागू होतं. स्मरणखूण एकाची असते. स्मरणरंजन मात्र सगळ्यांच्या वाटणीचं बालपण वापरतं: कागदी होड्या, चिखल, भिजून खाल्लेला ओरडा. यातलं काहीच खोटं नसतं, पण ते कुणाचंही असू शकतं. अशा कवितेतली आवाजाची ओळ खोडून तिथे चांदणं किंवा गार वारा घाला. पुढचं सगळं तसंच चालतं. खऱ्या आठवणीच्या कवितेत ती ओळ काढली तर पुढचं उभंच राहत नाही. आणखी एक फरक म्हणजे स्मरणरंजन गोडच असतं, तर आठवण गोडच असेल याची हमी नसते.

आता काही कविता या कसोटीवर लावून पाहू. कोट्स किनी या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवीच्या छपरावरच्या पावसाच्या कवितेत आवाज आत्ताचा आहे, कवी अंथरुणात आहे आणि त्या टपटपीतून आई येते. झोपी जाणाऱ्या मुलांकडे, रात्रीपुरता निरोप घेण्याआधी, एकवार पाहणारी आई. ही आठवण आहे. तिला जागा आहे, वेळ आहे. पण त्याच कवितेत स्वप्नाळू कल्पनांची गर्दी होते, तेव्हा ती स्मरणरंजनाकडे झुकते. एकाच कवितेत दोन्ही नांदू शकतात.

ग्रेस यांची आई जाण्याची कविता अधिक अवघड आहे. तिथे पाऊस 'रिमझिम' निनादतो, म्हणजे आवाजाचा शब्द अगदी सर्वांचा. वरवर पाहणारा तिला स्मरणरंजनात ढकलेल. पण तिथला पाऊस आज पडून काही जागं करत नाही. तो त्या प्रसंगातच पडतो आहे. आणि खिडकीवरचा तो धुरकट, एकटा कंदील दुसऱ्या कुणाच्या बालपणातून उसना आणता येणार नाही. आवाज आठवण जागी करतो की आठवणीच्या आतच वाजतो, हाही भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

रवींद्रनाथांनी तर 'जीवनस्मृती' या आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिसरीच शक्यता दाखवली आहे. पाणी पडतं, पान हलतं, एवढ्याच अर्थाची बालवाचनातली ओळ त्यांना आयुष्यातली पहिली कविता वाटली. यमकामुळे शब्द संपले तरी झंकार संपला नाही, असं ते सांगतात. पावसाच्या एका बडबडगीताला त्यांनी बालपणाचं मेघदूत म्हटलं. त्यांच्या मनात रुतला तो छपरावरचा पाऊस नव्हे, शब्दांत वाजणारा. अशी स्मरणखूण एकाच वेळी एकाची आणि हजारोंची असते, कारण तेच गाणं हजारो मुलांनी ऐकलेलं असतं. आठवण खाजगी आणि स्मरणरंजन सामायिक, ही वर आखलेली सीमा बडबडगीतांपाशी पुसट होते. 'ये रे ये रे पावसा' कवितेत आलं की मी म्हणूनच निकाल द्यायची घाई करत नाही. ते गाणं कोण म्हणतंय, कुठल्या दारात उभं राहून, हे कवीने पाहिलं आहे का, तेवढं आधी शोधतो.