अंतर तेवढंच, मग वेळ जास्त का? तिकीट काढण्याआधी वाचा

"अंतर एवढं, विमान ताशी नऊशेने उडतं, मग तिकिटावर दीड-दोन तास जास्तीचे कसे?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. तुमचा भागाकार चुकलेला नसतो. विमानप्रवासाचा वेळ नुसत्या भागाकाराने निघत नाही, एवढंच.

लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके घ्या. थेट अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. हेच कुठे ३,४५० मैल, तर कुठे ३,००० नॉटिकल मैल असं छापलेलं दिसेल. तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकक तेवढं पाहून घ्या. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर.

'थेट' म्हणजे भिंतीवरच्या नकाशावरची सरळ रेघ नव्हे. पृथ्वीगोल घ्या, लंडन आणि लॉस एंजेलिसवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकून ग्रीनलँडवरून जातो. सीटसमोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे वळलेलं दिसलं तर बुचकळ्यात पडू नका, जवळचा रस्ता तोच आहे.

आता वेळ. ५,५५० भागिले ९०० म्हणजे सहा तास दहा मिनिटं. प्रत्यक्षात तिकिटावर लंडनहून जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सातच्या आसपास असतात. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून ते पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. म्हणून ५०० किलोमीटरच्या प्रवासालाही तासाहून जास्त वेळ लिहिलेला असतो, भागाकाराने जेमतेम पस्तीस मिनिटं येत असली तरी.

जाता-येताना तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी मिळाल्याने न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं! अशा वेळेवर बेत मात्र आखू नका.

कधी रस्ताच लांबतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि फिनलंडमधल्या हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. विमानतळ जागच्या जागीच होते. जुन्या प्रवासाच्या आठवणीवरून वेळ धरू नका, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी.

सर्वांत जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचलात, तर प्रवास तीन तासांचा नाही, आठ तासांचा झाला. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. तोही वर्षभर सारखा नसतो. अमेरिकेत उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळं तासभर पुढे करणं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत फरक चारच तासांचा राहतो.

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरं सहसा तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बहुधा बुडतात. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. आधीच वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती घेऊन या. दोन्हीकडची घड्याळं लावून मधे खरोखर किती वेळ उरतो ते तुमच्यासमोर कागदावर मांडून देऊ.