पर्जन्यजल निचरा शुल्क

शहरात पडणारे पावसाचे पाणी वाहून नेण्याचा खर्च मालमत्ताधारकांकडून वसूल करण्याची पद्धत. आकारणीचे माप बहुधा भूखंडावरील अपारगम्य क्षेत्र, म्हणजे छप्पर, काँक्रीट, फरशी यांखाली झाकली गेलेली जमीन, हे असते. घराचे भाडे वा किंमत येथे गौण ठरते.

या शुल्काचा प्रारंभ अमेरिकेत झाला, असे सामान्यतः मानतात. पहिले शहर कोणते याविषयी मतभेद आहेत. बरेच लेखक बेलव्ह्यूचे (वॉशिंग्टन राज्य, 1974) नाव घेतात. तथापि कोलोराडोतील बोल्डर येथील आकारणी 1973च्या सुमाराची असल्याने अग्रमान तिला देणे अधिक सयुक्तिक वाटते. बर्लिनमध्ये 2000पासून सांडपाणी व पर्जन्यजल यांची आकारणी वेगळी होते.

भारतात मूळ प्रश्न ‘कर की शुल्क’ हा आहे. शिरूर मठ खटल्यात (1954) सर्वोच्च न्यायालयाने शुल्काची सांगड विशिष्ट सेवेशी घातली. त्या कसोटीवर निचरा शुल्क लंगडे पडते, कारण नाल्या साऱ्या वस्तीच्या असतात. अमुक घराला अमुक लाभ झाला, असे दाखवता येत नाही. श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात (1983) मात्र काटेकोर मोबदल्याची गरज नसून ढोबळ संबंध पुरेसा असल्याचे मत आले. प्रस्तुत विषयाला हेच मत लागू पडते, कारण येथे मोजायचा असतो तो नाल्यांवर पडणारा पाण्याचा भार, आणि तो मोजता येतो. 1500 चौ. फुटांच्या भूखंडावर 50 मिमी पाऊस झाला, तर सुमारे 7 हजार लिटर पाणी पडते. मोकळ्या मातीत त्याचा काही भाग मुरतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट असेल, तर जवळपास सगळे रस्त्यावर येते.

नागपुरात असे स्वतंत्र शुल्क नाही. 2012पर्यंत येथील महानगरपालिकेसाठी 1948चा स्वतंत्र अधिनियम होता, त्यानंतर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला. नाल्यांचा खर्च मात्र मालमत्ता कर व शासकीय अनुदाने यांतूनच भागतो. करयोग्य मूल्य भाड्यावर ठरते. परिणामी अंगणात कडुनिंब राखणारा आणि अंगण सिमेंटने बुजवणारा शेजारी सारखाच कर भरतात. हा अन्याय आहे. गुंठेवारी अधिनियमाखाली (2001), म्हणजे विनापरवाना पाडलेले भूखंड नियमित करण्याच्या कायद्याखाली, अनधिकृत लेआउटमधील भूखंडधारकांनी नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेकडे भरलेली ‘डिमांड’ (मागणीपत्रानुसार भरायची रक्कम) या शुल्काच्या सर्वांत जवळ जाते. तिच्यात रस्ते, नाल्या, गडर लाईन (मैलावाहिनी) यांचा खर्च एकत्र असतो; पण ती एकदाच भरायची रक्कम आहे, दरवर्षीच्या सफाईला ती पुरत नाही.

छपराचे पाइप गडरच्या चेंबरमध्ये सोडण्याची सवय शहरात जुनी आहे. मोठ्या सरीत झाकणे उचलली जातात आणि मैला सखल घरांत शिरतो. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत 100 मिमीहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्या पुराला तलाव व नदीपात्राची कारणेही होती, ती निचरा शुल्काने दूर होणारी नव्हेत.

राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने (2020) 500 चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संचय सक्तीचा केला आहे. 1500 चौ. फुटांचे, म्हणजे जेमतेम 140 चौ. मी.चे भूखंड त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतात, आणि नागपूरचे लेआउट मुख्यतः अशाच भूखंडांचे आहेत.