कमी ताऱ्यांचा रिसीव्हर आणि गर्दीची जागा: जस्टिन जेफरसनच्या उदाहरणाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने तीन ताऱ्यांच्या, म्हणजे मानांकनात मध्यम ठरलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) करारबद्ध केले, की संघात आधीच आठ-दहा रिसीव्हर असताना हा कशासाठी, असा प्रश्न चाहते विचारतात. मैदानावर एका वेळी साधारण तीन किंवा चारच रिसीव्हर उतरतात आणि चेंडू तर एकच असतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ताऱ्यांच्या यादीत सापडत नाही. त्यासाठी ही गर्दी कोणत्या नियमांतून घडली आणि तिच्यातून कोण कसा वर आला, हे पाहावे लागते. पुढे एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचलेला रिसीव्हर जस्टिन जेफरसन हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

एके काळी श्रीमंत विद्यापीठे हवे तितके खेळाडू शिष्यवृत्ती देऊन बांधून ठेवत असत, आणि त्यामागे ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत हाही हेतू असे. एनसीएए या नियामक संस्थेने 1973 मध्ये फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांवर 105 ची मर्यादा घातली, 1978 मध्ये ती 95 वर आणली आणि 1990 च्या दशकात टप्प्याटप्प्याने 85 केली. शिष्यवृत्त्या मोजक्या झाल्यावर प्रत्येक निवडीला वजन आले आणि सतरा वर्षांच्या मुलांना दोन ते पाच तारे देणाऱ्या मानांकन सेवांचे महत्त्वही वाढत गेले. उंची, वेग आणि शालेय सामन्यांच्या चित्रफिती यांवर बेतलेले हे मानांकन एकूण हिशेबात बऱ्यापैकी खरे ठरते. शरीर उशिरा भरणाऱ्या मुलाला मात्र ते न्याय देऊ शकत नाही.

लुईझियानातील सेंट रोझ गावचा, डेस्ट्रेहान शाळेतून खेळलेला जस्टिन जेफरसन असाच मुलगा होता. त्याचा एक भाऊ जॉर्डन लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) होता आणि दुसरा भाऊ रिकी तिथेच बचावफळीत खेळला होता. तरीही 2017 च्या भरतीत या किडकिडीत मुलाभोवती फारसा गाजावाजा झाला नाही. एलएसयूकडे त्या वर्षी डी. जे. चार्क आणि रसेल गेज हे अनुभवी रिसीव्हर होते, आणि जेफरसनचा पहिला हंगाम एकही झेल न घेता संपला.

चार्क आणि गेज व्यावसायिक फुटबॉलकडे गेले, पण जागा मोकळी झाली नाही. 2018 मध्ये पाच ताऱ्यांचा टेरेस मार्शल आणि चार ताऱ्यांचा जमार चेस दाखल झाले. शिवाय टेक्सास टेककडून 2016 मध्ये झेलांतून 1,158 यार्ड अंतर मिळवलेला जोनाथन जाइल्स, संघबदलाच्या तेव्हाच्या नियमानुसार वर्षभर बाहेर बसून, खेळायला सज्ज झाला होता. एलएसयूत मानाचा समजला जाणारा 7 क्रमांक त्यालाच मिळाला. हंगाम संपला तेव्हा जाइल्सच्या नावावर मोजकेच झेल होते, तर जेफरसनने 54 झेल, 875 यार्ड आणि 6 टचडाउनसह (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन केलेली गुणनोंद) संघात पहिले स्थान पटकावले होते.

पुढचे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते खेळाडूइतकेच पद्धतीचेही होते. 2019 मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून आलेले जो ब्रेडी आणि आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर यांनी रिसीव्हर मैदानभर पसरवणारी मांडणी स्वीकारली आणि जेफरसनला कडेऐवजी मुख्यत्वे आतल्या, स्लॉटच्या जागेवर खेळवले. तिथे निव्वळ धावण्याच्या वेगापेक्षा बचावपटूचा अंदाज चुकवून नेमक्या क्षणी वळण्याला अधिक किंमत असते, आणि जेफरसनचे बलस्थान तेच होते. क्वार्टरबॅक जो बरो याने 2018 मध्ये 16 टचडाउन पास दिले होते, ते या हंगामात 60 झाले. चेसने 1,780 यार्ड आणि 20 टचडाउन मिळवले, जेफरसनने 111 झेलांत 1,540 यार्ड आणि 18 टचडाउन, तर मार्शलने आणखी 13 टचडाउन. एकमेकांचा वाटा कमी करतील असे वाटणाऱ्या या तिघांमुळे उलट कोणत्याही एकावर दोन बचावपटू लावणे प्रतिस्पर्ध्यांना परवडेना. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेफरसनने चारही टचडाउन पहिल्या अर्ध्यातच नोंदवले, एलएसयूने तो 63-28 असा जिंकला आणि पुढे 15-0 अशा अपराजित कामगिरीसह राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

एवढे होऊनही 2020 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, त्याच्याआधी चार रिसीव्हर निवडले गेले. मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला 22 व्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात त्याने 1,400 यार्ड मिळवले.

जेफरसनला वाट पाहायला मिळालेला अवकाश आज तसाच उरलेला नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले आणि 2021 पासून पहिल्या संघबदलासाठी वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. त्यामुळे प्रशिक्षकाला तयार रिसीव्हर बाहेरून आणणे सोपे झाले, आणि बाकावरच्या मुलालाही दुसरे दार उघडे राहिले. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संपूर्ण संघासाठी 105 खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीविना सरावाला येणाऱ्या मुलांमुळे संघ याहून मोठे असत. आता ती मुलेही याच 105 मध्ये मोजली जातात.