बिट बदलण्याआधी बोर्ड मोजा: ३०१८ मशीनवर पीसीबी कोरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून ३०१८, म्हणजे सर्किट बोर्ड (पीसीबी) कोरणारं छोटं सीएनसी मशीन, नेलेल्या ग्राहकाचा पहिला फोन साधारण तिसऱ्या-चौथ्या बोर्डानंतर येतो. "बिट बोथट निघालं हो. डावीकडे छान कोरतंय, उजवीकडे तांबं तसंच राहतंय." बोथट बिट (कोरणारं टोकदार हत्यार) सगळीकडेच वाईट कापतं आणि ट्रॅकच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेच्या) कडेला तांब्याची कुसळं उभी करतं. एकाच बोर्डाची एक बाजू चांगली आणि दुसरी खराब आली, तर दोष बिटाचा नाही, बोर्ड सपाट बसलेला नाही. परत आलेली बिटं आम्ही भिंगाखाली पाहतो, त्यातली बरीचशी धड असतात. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक मशीनच्या खोक्यात घालतो आहोत.

कीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधून जर्बर (बोर्डाच्या आराखड्याच्या फाइल) काढणं, फ्लॅटकॅममध्ये त्यांचा जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) तयार करणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. खालच्या बाजूचा लेयर उलटवून घ्यायचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता मूळ मुद्दा. नेहमीच्या एक औंसाच्या कॉपर क्लॅडवर (तांबं चढवलेल्या कोऱ्या बोर्डावर) तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर. आपण बिट उतरवतो ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. आणि बोर्ड? पत्र्याच्या कात्रीने कापताना त्याला बाक येतो, खालची टेप एखाद्या ठिकाणी दुमडते, एमडीएफचा बेड पावसाळ्यात दमट हवेने फुगतो. १०० मिलिमीटर लांबीत पाव मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जिथे बोर्ड तेवढा खाली आहे, तिथे बिट हवेतच फिरतं. जिथे वर आहे तिथे त्याहून वाईट होतं, कारण व्ही-बिट (खाली निमुळतं होणारं बिट) जितकं खोल जाईल तितका चर रुंद होतो.

मागच्या जुलैत इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन बोर्ड घेऊन आला होता. दोन दिवसांवर सबमिशन, आणि तिन्ही बोर्डांवर एका कोपऱ्यातले ट्रॅक केसाएवढे उरलेले. बिट ६० अंशांचं, टोक ०.१ मिलिमीटरचं. ०.०८ खोलीला हे बिट ०.१९ मिलिमीटर रुंद चर पाडतं. तेच पाव मिलिमीटर जास्त आत गेलं की चर होतो ०.४८. वाढलेली रुंदी दोन्ही बाजूंनी ट्रॅक खाते, आणि त्याचे ट्रॅक होते ०.३ मिलिमीटरचे. शिल्लक काय राहणार? मशीन आणायला सांगितलं, बेडवर डायल गेज (उंचीतला फरक दाखवणारं काट्याचं मापक) फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा जवळजवळ पाव मिलिमीटर सरकला. बिट तेच ठेवलं, हाइट मॅप (बिट ठिकठिकाणी बोर्डाला टेकवून घेतलेली उंचीची नोंद, जिच्यानुसार मशीन बिट वर-खाली करतं) काढला आणि चौथा बोर्ड त्याच संध्याकाळी नीट निघाला.

तेव्हा हाइट मॅप काढा. प्रत्येक बोर्डासाठी नव्याने. कालचा मॅप आजच्या बोर्डाला चालत नाही, आणि बोर्ड उचलून परत चिकटवला तरी तो मॅप बाद झाला.

आधी तांबं बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. तांब्यावर काळपट थर किंवा टेपचा चिकटा असला, तर प्रोबला (बिट तांब्याला टेकल्याचं ओळखणाऱ्या जोडणीला) संपर्क मिळत नाही आणि बिट सरळ बोर्डात घुसतं. एक क्लिप तांब्याच्या कडेला, दुसरी बिटाला. बिट वर हवेत असतानाच कँडलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) झेड-प्रोब दाबा आणि तांब्याची क्लिप हाताने बिटाला टेकवा. मशीन तिथल्या तिथे थांबलं तर वायरिंग ठीक आहे. एवढी एक खात्री केली तर प्रोबिंगमध्ये बिटाचं टोक मोडत नाही. मग कोपऱ्यात झेड झिरो (उंचीचा शून्य) घ्या आणि १० मिलिमीटर अंतराने बिंदू लावा. १०० बाय ६० च्या बोर्डावर ते ७७ होतात. चहा होईपर्यंत काम उरकतं.

यानंतरच्या दोन चुका आम्ही वारंवार पाहतो. मॅप काढून होतो, पण कँडलमधली हाइटमॅप वापरण्याची खूण करायची राहते. मग सगळी मेहनत फुकट. दुसरी चूक धोक्याची आहे. बिटावरची क्लिप न काढताच स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) सुरू केला जातो, वायर गुंडाळली जाते आणि कधी कंट्रोलरही जातो. क्लिप काढून बाजूला ठेवल्याशिवाय स्टार्टला हात लावू नका.

कोरून झालं की ड्रिल लावाल, तेव्हा झेड झिरो पुन्हा घ्या, कारण बिटाची लांबी बदललेली असते. रेझिस्टरच्या पायांना ०.८ मिलिमीटर आणि पिन हेडरला १ मिलिमीटर भोक पुरतं.

वापरलेलं बिट आम्ही बदलून देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. टोक एकदा बोर्डाला लागलं की ते कारखान्यात मोडलं की प्रोबिंगमध्ये, हे आम्हाला ठरवता येत नाही. त्याऐवजी विकण्याआधी प्रत्येक बिट तुमच्यासमोर भिंगाखाली दाखवतो. तिथेच पाहून घ्या, टोक तुटकं दिसलं तर दुसरं देऊ. किटमध्ये ३० अंशांचं बिट देतो तेही विचार करूनच. वरच्याच चुकीत ते ०.२८ पर्यंत चर पाडतं, ०.४८ नाही. ते नाजूक असतं, म्हणून फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवा. ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी सुरुवातीला एफआर-१ चा (कागदी थरांचा) बोर्ड घ्यावा. एफआर-४ मधल्या काचेच्या धाग्यांनी टोक लवकर झिजतं. ती भुकटी फुप्फुसालाही वाईट, मास्क लावा, व्हॅक्यूम जवळ ठेवा आणि तोंडाने फुंकर मारू नका.

डिझाइन करतानाच ट्रॅक आणि अंतर ०.४ मिलिमीटर ठेवलं, तर बरीच चूक पोटात घेतली जाते. डीआयपी आणि एसओआयसी प्रकारच्या चिपांना ते आरामात बसतं. ०.८ मिलिमीटर पिचच्या (पायांमधल्या अंतराच्या) टीक्यूएफपी चिपला मात्र हाइट मॅपशिवाय हात घालू नका.

प्रोबच्या क्लिपा जुन्या मशीनसोबत आल्या नसतील तर दुकानातून घेऊन जा, त्यांचे पैसे घेत नाही. बेड फुगला असेल तर नवा एमडीएफ कापून ठेवलेला असतो. मशीनवर बसवून त्याचा पृष्ठभाग एकदा फेस करून (मशीननेच वरून कापून सपाट करून) घ्यायचा, ते कसं हेही दाखवू. शनिवारी दुपारनंतर मशीन आणि बिघडलेला बोर्ड, दोन्ही घेऊन या. बिघडलेला बोर्ड टाकून देऊ नका, कुठे काय चुकलं ते त्यावरच दिसतं.